लव्हाळीचा तळ

चर खणायचा निर्णय माझा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

मुळशीत आमची जमीन डोंगराच्या पायथ्याशी आहे. सगळ्यात वर डोंगर, त्याखाली लव्हाळी, लव्हाळीखाली विहीर आणि विहिरीखाली भाताची खाचरं. लव्हाळी म्हणजे अर्ध्या एकराचा खोलगट तुकडा. बाराही महिने ओला असतो, त्यात लव्हाळा माजतो म्हणून हे नाव. भात तिथे धड येत नाही. पूर्वी बैल पोटापर्यंत रुतायचे, आता पॉवर टिलर रुततो. लग्न होऊन आले तेव्हापासून तो तुकडा माझ्या डोळ्यांत सलत होता. मी उरवड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. तिथे एखादी फळी रिकामी राहिली की मला चैन पडत नाही, आणि इथे घराच्या मागे अख्खी अर्धा एकर फळी रिकामी.

आमच्याकडे आता ज्याला सपाट जागा आहे तो खोल्या बांधतो. कारखान्यातल्या मुलांना राहायला जागा हवीच असते. आम्हीही बांधायचं ठरवलं. जानेवारीत मी वहीत कामं लिहिली: चर, पाणी निघून जाणे, मुरूम, रोलर, जोतं, वीजमीटर. प्रत्येकापुढे तारीख टाकली. नवऱ्याने वही वाचली आणि एवढंच विचारलं, "आगं, पण ती कोरडी व्हईल का? आमच्या आज्याला न्हाई झाली."

"आज्याकडे जेसीबी नव्हता," मी म्हटलं.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही टोचली होती. पुण्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई दरवर्षी दिवाळीनंतर दोन-तीन रविवार लव्हाळीत येतात. उकिडव्या बसतात आणि भिंगातून चिखल बघतात. पहिल्या वर्षी मी जाऊन विचारलं होतं, "बाई, काही पडलंय का तुमचं? आम्ही शोधू लागतो." त्या हसल्या आणि मला शेजारी बसवून एक नखाएवढं जांभळं फूल दाखवलं. सीतेची आसवं. मग मुळाशी बोट घालून चिखल उचलला. त्यात मोहरीहून बारीक फुगे होते. पाण्यातला किडा जवळ आला की तो फुगा त्याला आत ओढून घेतो, म्हणाल्या. "इथल्या मातीत झाडाला खायला काही नाही. म्हणून हे झाड शिकार करतं." आमची माती उपाशी आहे, हे ऐकून मला थोडा रागच आला होता. पण त्या गेल्यावर मी परत जाऊन तशी झाडं मोजली होती. चाळीसच्या पुढे मोजदाद सोडून दिली, कारण पायाखाली किती आली ते कळेना.

या वर्षी त्यांना कळवायचं मी टाळलं. फेब्रुवारीच्या शेवटी जेसीबी आला.

लव्हाळीच्या मधोमध, वरच्या टोकापासून खालच्या बांधापर्यंत चर. पाणी ओढ्याला काढून द्यायचं, एवढीच योजना. मी रजा टाकून काठावर उभी होते. आणि सवयीने, जे बाहेर येईल ते लिहीत होते. वर लव्हाळ्याच्या मुळांची चटई, वीतभर जाड. तिच्याखाली काळी भुसभुशीत माती, मुठीत दाबली तर चहासारखं पाणी गळायचं. मग राखेची एक रेघ, बोटभर जाड, सगळीकडे सारख्या उंचीवर. रेघेखाली पुन्हा काळी माती, पण वेगळी: तिच्यात कुजून चिकटलेली पानं, बारीक शंख आणि एक आडवा ओंडका, कोळशासारखा काळा आणि ओलाकच्च. मांडीएवढा जाड. शेजारी एक बी सापडली, उभ्या शिरा असलेली. नवऱ्याने ती बोटांत फिरवली. "हिरडा. आता कुटं राह्यलाय हिरडा या बाजूला? त्या तिकडं देवराईत दोन झाडं हायेत, बास."

त्या सगळ्याच्या तळाला निळसर-पांढरी चिकण माती लागली. तिला हात लावला तर लोण्यासारखी. जेसीबीवाला उत्तरेतला होता. त्याने बकेट थांबवली आणि वरून ओरडून विचारलं, "मॅडम, नीचे सफेद मिट्टी लगी है. रुकूं, या और खोदूं?"

ओढ्याकडे उतार मिळायला अजून दोन हात खोल जायला हवं होतं. मी वहीत बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "और खोदो."

खाली पिवळट मुरूम लागला. उतार मिळाला. दुपारपर्यंत चरातून पाणी खळखळा वाहायला लागलं आणि मी यादीतल्या पहिल्या कामावर काट मारली.

आमच्याकडे गाळ दिसला की माणूस घमेलं शोधतो. तळ्याचा, ओढ्याचा, कशाचाही असो. काळा गाळ भाताला पडला की पीक काळंभोर येतं. नवऱ्याने त्याच दिवशी ट्रॅक्टर लावून सगळी काळी माती खाचरांत पसरली. पांढरी चिकण मातीही त्याने वाया जाऊ दिली नाही. खाचरांचे बांध उंदरांनी पोखरले होते, ते तिने लिंपून काढले. संध्याकाळी चराच्या काठावर एक ढेकूळही उरलं नव्हतं. किती नीटनेटकं काम झालं, असं आम्ही एकमेकांना म्हणालो. ओंडका तेवढा गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवला, पुढे पाट-बिट करता येईल म्हणून. चार दिवसांत उन्हाने त्याला भेगा गेल्या, आठ दिवसांत पापुद्रे सुटले. हात लावला की चुरा.

आमची विहीर जुनी आहे. आत उतरायला भिंतीतून बाहेर आलेले अठरा दगड आहेत, एकेका पावलापुरते. पाडव्याच्या सुमाराला पाणी वरून सातव्या पायरीशी असतं. ते मी दरवर्षी लिहिते. विहिरीशेजारी दगडी डोणी आहे, आणि त्या डोणीवर वरच्या वस्तीवरच्या मेंढरांचा हक्क आहे. हक्क म्हणजे कागद नाही. माझ्या सासऱ्यांच्या आधीपासून, उन्हाळा लागला की वस्तीवरची मेंढरं दुपारी आमच्या डोणीवर पाणी पितात आणि पेरणीआधी आमच्या रानात बसतात. लेंडीखत आम्हाला, पाणी त्यांना. आता वस्तीवर एकच घर मेंढरं राखतं. तिथली मावशी साठीची आहे, सडपातळ, आणि बोलायला लागली की समोरच्याला खाली बसावं लागतं.

पाडव्यानंतर चौथ्या दिवशी तिने विहिरीवरून हाक मारली. "वैनी! आवो वैनी! दोर कापला का काय तुमी?"

"का हो मावशी?"

"पुरंना की. पोहरा हवेतच लोंबतोय."

मी वाकून पाहिलं. पाणी दहाव्या पायरीच्या खाली होतं. दगडावर जुन्या पाण्याची हिरवी रेघ तीन पायऱ्या वर कोरडी पडलेली. मी पुन्हा मोजलं. मग उतरून, पायाने चाचपून मोजलं.

"तो वर काय पराक्रम केलाय तुमी, तितनं गेलं पानी," मावशी डोणीवर टेकून म्हणाली. "मी म्हनत हुते ना, हे वड्याला पानी कुटनं आलं उन्हाचं."

"लव्हाळीचं पाणी वेगळं, विहिरीचं वेगळं," मी म्हटलं.

"व्हय का? कुनी सांगितलं? पान्यानं?"

त्या दिवसापासून वहीचं एक पान विहिरीला दिलं. तारीख आणि पायरी. चार दिवसांत एक पायरी उतरत होती. मावशीची चाळीस मेंढरं आणि दहा-बारा शेळ्या, त्यांतली निम्मी नुकती व्यालेली. विहीर आटली तर तिला कळप घेऊन धरणाच्या पाण्यापर्यंत जावं लागणार होतं, रोज, डंपरच्या रस्त्याने. मोठी मेंढरं चालत गेली असती. कोकरं त्या उन्हात, त्या रस्त्यावर टिकली नसती. तसं झालं तर कळप मोडायचा, असं तिने सरळ सांगितलं. "म्हातारपनी मी काय डांबरीवर कोकरं वेचत बसू? इकून टाकीन सगळी." वर्षानुवर्षांचं काम एका वाक्यात संपवलं तिने, आणि पोहरा पुन्हा सोडला.

मुदतही तिनेच घातली. आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ती वाट बघणार होती. तोपर्यंत पाणी थांबलं नाही, तर कळप विकायचा.

मला स्वस्थ बसवेना. जेवणाच्या सुट्टीत स्कूटर काढून घरी यायचे, विहीर बघायचे, परत जायचे. स्टोअरमधल्या बोल्टांची पेटी दोनदा चुकीची दिली. नवरा म्हणाला, "आगं, मुरूम टाकू की चराच्या तोंडाला. त्यात काय यवडं?" आमच्याकडे खड्डा, रस्ता, अंगण, काहीही असो, उत्तर मुरूम. मलाही पटलं. दोन ट्रॉल्या मुरूम टाकून चराचं तोंड बुजवलं, वरून रोलर फिरवला. ओढ्यात जाणारं पाणी थांबलं. मी वहीत "झालं" असं लिहिलं. चौथ्या दिवशी विहीर अकराव्या पायरीवर गेली.

तेव्हा मी कॉलेजातल्या बाईंना फोन केला. सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "रविवारी येते."

आल्या, पण पाण्याकडे आधी बघेचनात. चरात उतरल्या आणि भिंतीसमोर उभ्या राहिल्या. लव्हाळीची कापलेली कड होती ती, माझ्या यादीसारखीच वरून खाली. त्यांनी राखेच्या रेघेवर बोट फिरवलं.

"ही आग आहे. कधीची, ते मला नुसतं बघून सांगता येणार नाही. तपासावं लागेल. पण रेघेखाली बघा, पानं आहेत, लाकूड आहे, हिरड्याची बी आहे. रेघेवर?"

"नुसती मुळं. लव्हाळा आणि गवत."

"म्हणजे या डोंगरावर जंगल होतं. मग कुणीतरी जाळलं. एकदा की अनेकदा, माहीत नाही. त्यानंतर गवत. डोंगराने केलेलं सगळं इथे येऊन पडलंय, एकावर एक. तुमच्या वहीसारखंच. तारखेवार."

ज्या डोंगराकडे रोज बघते त्याला कधीकाळी वेगळं अंग होतं, हे मला त्या कापलेल्या चिखलाकडे बघून कळत होतं, आणि तो चिखल मीच कापला होता. एकाच वेळी उत्सुकता आणि लाज वाटली. उत्सुकता जास्त होती, हे कबूल करते.

"शंख कसले?" मी विचारलं.

"उथळ पाण्यातल्या गोगलगायींचे. तेव्हा इथे नुसता चिखल नसावा, उघडं पाणी असावं. लहानसं तळं. मग ते हळूहळू भरत आलं." मग त्या खाली वाकल्या. "पण मला आधी हे सांगा, चराच्या तळाला पाणी का साचलेलं नाही? तोंड तर तुम्ही बंद केलंय."

मी बादलीभर पाणी आणून ओतलं. तळातल्या पिवळ्या मुरुमाने ते आमच्या डोळ्यांदेखत पिऊन टाकलं.

"ती पांढरी माती," बाई म्हणाल्या. "डोंगरातून झिरपणारं पाणी इतके दिवस तिच्यावर थांबत होतं आणि हळूहळू तुमच्या विहिरीला मिळत होतं. तळ फोडलात तुम्ही. आता ते सरळ खाली चाललंय."

"और खोदो" हे माझे शब्द मला तेव्हा पुन्हा ऐकू आले. मी विचारलं, "तीच माती परत बसवली तर?"

"बसवता आली तर. नुसती टाकून नाही चालणार, मळून, दाबून बसवावी लागेल. आणि माती कुठे आहे?"

माती आमच्याच बांधांवर होती, वाळून पांढरी झालेली. पुढचे दोन दिवस आम्ही दोघं बांध खरवडत होतो. जे फेब्रुवारीत लिंपलं ते एप्रिलमध्ये कुदळीने काढत होतो. शेजारच्या खाचरातून एकाने विचारलं, "काय वो, बांधात सोनं घावलं का?" नवरा म्हणाला, "व्हय, आन ते आमीच पुरलं हुतं."

माती चरात टाकली, पाणी मारलं आणि तुडवायला सुरुवात केली. दोन माणसं, चार पाय. तासाभरात पोटऱ्या भरून आल्या आणि चार हात लांबीही झाली नव्हती. मावशी काठावर येऊन उभी राहिली.

"हे असं पावसाळ्यापत्तुर चालंल. कारखान्यातलं सायेब आना की मदतीला."

"बुटं खराब होतील त्यांची."

"मंग खुरं आना. चिखलनी काय मानसानं करायची असती?" ती चराकडे बघत राहिली. रुंदी दोन मेंढरं शेजारी चालतील एवढी होती. मग तिने कळपाकडे पाहिलं. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, पण मागायचं धाडस होईना. मेंढराच्या खुरात चिखल राहिला तर खूर सडतं. मेंढरं राखणारं माणूस चिखलाच्या जवळून कळप नेत नाही.

"येक दिस," ती शेवटी म्हणाली. "आन सांच्याला येकेकाचं पाय धुवायचं. पानी तुमचं, हात बी तुमचंच. कोकरं न्हाई घालायची, कळलं का?"

"कळलं."

"आन येक जरी लंगडलं, तर त्याला पाटकुळी घिऊन तुमी हिंडायचं. सांगून ठिवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस मेंढरं चराच्या वरच्या तोंडाशी उभी होती आणि एकही आत जाईना. मेंढरू चिखल ओळखतं. मावशीने एका म्हाताऱ्या शेळीला शिंग धरून आत ओढलं, पुढे मी बाभळीच्या शेंगांची पाटी घेऊन उलटी चालत होते. शेळी आली, मग एक मेंढरू, मग सगळी लोंढ्यासारखी. मी दोनदा चिखलात बसले. मावशी मागून हाकलत होती, शिव्या कुणाला देत होती, मेंढरांना की मला, ते नीट कळत नव्हतं. खाली पोहोचली की नवरा त्यांना बाहेर काढून वरून परत पाठवायचा. दुपारपर्यंत किती फेऱ्या झाल्या ते मी लिहिलं नाही. हात भरलेले होते. तळ मात्र बदलला. आधी खुरांची भोकं दिसत होती, मग ती मिटत गेली, आणि शेवटी निळसर माती चकचकीत, सलग दिसायला लागली. मी बादलीभर पाणी ओतलं. ते तिथेच थांबलं. आम्ही तिघंही त्या बादलीभर पाण्याकडे खूप वेळ बघत उभे होतो.

संध्याकाळी चाळीस मेंढरांचे एकशे साठ आणि शेळीचे चार पाय मी धुतले. त्याला विहिरीचं किती पाणी लागलं ते मला माहीत आहे, कारण प्रत्येक पोहरा मीच ओढला. दुसऱ्या दिवशी पाणी साडेबाराव्या पायरीवर होतं.

वरचे थरही परत घालायचे होते. क्रम वहीत लिहिलेला होता, पण थर शिल्लक नव्हते. खाचरातली काळी माती वाळून तिची भुकटी झाली होती. मी तिच्यावर पाणी ओतलं, तर पाणी थेंब होऊन वरून घरंगळून गेलं. वर्षानुवर्षं पाणी धरून बसलेली माती एकदा कोरडी पडली की पाणी घ्यायलाच विसरते, हे मला माहीत नव्हतं. जिथे थर जाड पडला होता तिथे तळाशी ओली राहिलेली तेवढी आणली. राखेची रेघ तर कुठल्या खाचरात गेली, देव जाणे. चर अर्ध्यापर्यंतच भरला. त्यावर लव्हाळ्याचे गड्डे लावले, वीत-वीत अंतरावर, भाताच्या आवणासारखे. बाई फोनवर म्हणाल्या की लव्हाळा धरेल. सीतेच्या आसवांबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "बी असेल कुठेतरी. पावसाळ्यानंतर बघू." माझ्या यादीत "बघू" असं काम कधी नसतं. मी ते तसंच लिहिलं, तारखेची जागा मोकळी ठेवून.

खोल्यांचं नवऱ्याने विचारलं. रस्त्याकडच्या खळ्यावर दोनच होतील, म्हटलं. तो म्हणाला, "दोन तर दोन. मळणीला ताडपत्री हातरू."

विहिरीचं मात्र काही सांगता येत नव्हतं. तेरावी पायरी. दुसऱ्या दिवशी तेरावी. मी सकाळी उठून आधी तिकडे जायचे, मग चूल-बिल. तिसऱ्या दिवशी तेरावीच. मला वाटलं मोजण्यात चूक होतेय, म्हणून नवऱ्याला उतरवलं. तेरावी. चौथ्या दिवशी पायरीखाली दोन बोटं गेल्यासारखं वाटलं आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. पाचव्या दिवशी ती दोन बोटं होती की नव्हती, तेच कळेना.

आखितीच्या दिवशी मावशी नेहमीपेक्षा लवकर आली. कळप डोणीपाशी थांबवला आणि विहिरीत वाकून बघितलं. मीही वाकले.

"तेरावी," मी म्हटलं. "चढलं नाही."

"चढंल कशाला? उन्हाळा हाय. उतरलं का, ते सांगा."

"पाच दिवस झाले. नाही उतरलं. बहुतेक."

"भुतेक," ती म्हणाली, आणि काठीने डोणीच्या कडेवर टकटक केलं. कोकरं तिच्या पायांत घुसत होती. तिने ती बाजूला सारली आणि कळपावरून नजर फिरवली. "आर्धी सकाळी पितील, आर्धी सांच्याला. बाळंतनी आदी. तुमच्या घरचं धुनं धरनावर. जमंल?"

"जमेल."

"आन कुनी पाव्हना आला तर आंगूळ करूनच या म्हनावं."

"सांगते."

"मंग सोडा दोर."

मी दोर सोडला. तो पूर्वी जिथे संपायचा त्याच्या पुढे आता नवा तुकडा जोडलेला आहे, ती गाठ हातातून गेली की अजून खाली, आणि मग पोहरा टेकतो. ओढताना माझा जीव पुन्हा खालीच अडकलेला होता. पहिला पोहरा गढूळ आला, दुसरा कमी गढूळ. मावशीने शेळ्या काठीने बाजूला केल्या आणि व्यालेल्या मेंढ्यांना पुढे घेतलं. मी मधेच वाकून बघायला लागले तेव्हा ती डाफरली, "सारकं काय बगताय? बगून पानी येतंय व्हय?"

नाही येत. तरी दर दोन पोहऱ्यांनंतर मी बघत होते. वीस मेंढरं प्यायली तेव्हा तेरावी पायरी अजून ओली होती. उरलेली वीस काठावर पाण्याच्या वासाने ओरडत उभी होती, आणि मावशी त्यांना परत वस्तीकडे वळवत होती, संध्याकाळपर्यंत.